पडली की बसली

फॉर्म पिवळा. वेळ पहाटे चार दहा.
जागा: खाट सात आणि संडास यांच्या मध्ये,
संडासाच्या अलीकडे तीन फरशा.
फरशा मी मोजते. फॉर्मवर त्यांना रकाना नाही.

सुवार्ता साळवे रात्रपाळी संपवून दारात उभी,
स्वेटर अंगात, पेन हातात, झाकण दातांत.
"मॅडम, पडली लिहू की बसली?
आजी स्वतःच म्हणतायत, बसले गं बाई मी."

खाली भवानी पेठ जागी होतेय.
टिंबर मार्केटात पहिली करवत लागलीय,
लाकडाला कुणी विचारत नाही
तू पडलंस की बसलंस.

एकोणीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या हातात होता.
मुंढव्याचे दगडू लोणकर, खाट अकरा.
इन्चार्ज बाई हळूच म्हणाल्या होत्या,
"पडला लिहिलंस तर चौकशी, बसला लिहिलंस तर चहा."
मी लिहिलं: रुग्ण जमिनीवर बसलेला आढळला.
अक्षर माझं तेव्हा फार सुरेख होतं.
तिसऱ्या दिवशी एक्स-रे. खुब्याचं हाड.
त्या महिन्याच्या अहवालात आमच्या वॉर्डाचं पडणं शून्य,
आणि नोटीस बोर्डावर आमचं अभिनंदन.

बसून कुणाचं हाड मोडतं?

आता मी तिसऱ्या मजल्यावर, गुणवत्ता विभागात.
रोज रात्री बाराला वॉर्डावॉर्डांत डोकी मोजली जातात,
महिनाभराची बेरीज खाली,
पडलेले वर, गुणिले हजार.
या महिन्यात चार हजार दोनशे बारा,
आणि आजी धरून तीन.
शून्य पूर्णांक एकाहत्तर शतांश.
इतकंसंच पडली गजराबाई शिळीमकर,
वेल्ह्याकडची, वय एकाहत्तर,
कपाळावर टेंगूळ, कोपर सोललेलं,
सलाईनचा स्टँड अजून मुठीत.

इजेचे रकाने पाच.
नाही, किरकोळ, मध्यम, गंभीर.
पाचव्याला आम्ही नुसतं पाचवा म्हणतो.

मी वॉर्डात गेले. आजींनी माझा हात धरला,
"लिहू नका हो. त्या पोरीची नोकरी जायची.
रातभर एकटी पळत होती, छत्तीस माणसं.
बेल होती उशाशी, मीच न्हाई वाजवली.
लघवीला जायला कुणाला उठवायचं व्हय?"

टेपनं खाट मोजली. त्रेसष्ट सेंटिमीटर.
हातभर, आणि वर वीतभर.
"घरी कशावर झोपता, आजी?"
"घोंगडीवर. भुईवर.
भुईवरनं कुठं पडायचं, बाई?"

हे मी शेऱ्यात लिहिलं, जसंच्या तसं.
सुवार्ताला म्हटलं, पडली लिही.
तुझ्यावर नाही पडत हे.
छत्तीसला एक, तेही लिही.
तिनं लिहिलं. तिचं अक्षर कापरं आहे.
बरं आहे.

अकरा वाजता मीटिंग. साहेबांनी आलेख वर धरला.
"कोथरूडच्या शाखेत तीन महिने एकही नाही.
आपल्याकडेच का पडतात?"
"त्यांच्याकडे बसतात, सर," मी म्हटलं.
कुणी हसलं नाही. अकाउंट्सवाल्यांनी बिस्कीट बुडवलं
आणि तेवढंच कपात पडलं.

दुपारी सातची खाट खाली घेतली, जाईल तितकी.
रात्रीचा एक दिवा संडासाच्या दारावर लावायचा
मंजूर झालाय. कधी लागेल, विचारू नका.

मग वॉर्डाच्या भिंतीवरचा तो बोर्ड:
शेवटच्या पडण्याला झालेले दिवस, सत्तेचाळीस.
चार काढला, सात काढला,
शून्य लावताना हातातून निसटलं,
फरशीवर वाजलं, गोल गोल फिरत
खाट सातखाली गेलं.

आजी वाकून बघू लागल्या.
"थांबा," मी ओरडले, "हलू नका,
बेल वाजवा!"

आणि त्यांनी, पहिल्यांदाच, वाजवली.